नायलॉनचा शिवदारा

विहिरीतून डोकं वर काढलं की आधी आकाश दिसावं, एवढीच माझी साधी अपेक्षा होती. दिसला एक माणूस.

वळसंगला माझ्या मामांची विहीर आहे. तिच्या पाण्यालगतच्या पायरीवर तो मांडी ठोकून बसला होता, भुईमुगाच्या शेंगा फोडत होता आणि टरफलं नेमकी माझ्या अंगावर येत होती. माझ्या पाठीवर हवेची टाकी, डोळ्यांवर काचेचा मोठा चष्मा, तोंडात रबरी नळी, पायांत बदकाचे असावेत तसे पंजे. अशा अवतारात कुठल्याही बाईला परक्या पुरुषानं पाहू नये, आणि पाहिलंच तर निदान हसू नये. तो हसला.

"खाली काय दिसलं हो?" त्यानं विचारलं.

तोंडात नळी असताना बोलता येत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी हातानंच ‘बाजूला व्हा’ असं खुणावलं. त्यानं मूठभर शेंगा माझ्यापुढे धरल्या.

"घ्या की. भाजलेल्या हायेत."

मी नळी काढली. "अहो, मला वर यायचंय! तुम्ही वाटेत बसलाय!"

"मग तसं म्हणायचं की," तो म्हणाला आणि पायरीवरून उठला. उठताना उरलेली सगळी टरफलं पाण्यात.

विहिरीच्या काठावर माझ्या कमरेची दोरी धरून मकदूमचाचा उभे होते. ते पोट धरून हसत होते. "गुस्सा नक्को करू बेटी. ये शिवयोगी. अपने सोलापूरकाच है. इसकू भी समुंदर देखना है."

मकदूमचाचा मूळचे सोलापूरचे. नौदलात पाणबुडे म्हणून त्यांची उमर गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी मालवणला एक जुनी लाँच घेतली आणि हौशी माणसांना दूर समुद्रातल्या खडकांवर नेऊन पाण्याखालचं जग दाखवायचा उद्योग काढला. आपल्या गावच्या माणसांना ते त्यासाठीची तालीम विहिरीत देत. सोलापुरात समुद्र नाही, ही गोष्ट त्यांना कधी अडचणीची वाटलीच नाही.

आणि मी दानम्मा. अठ्ठ्याहत्तर साली मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. दर वर्षी प्रवाळांचा धडा यायचा आणि दर वर्षी मी पोरांपुढे बरणीतलं तेच पांढरंफटक, मेलेलं, हाडासारखं पोवळं ठेवायची. "मॅडम, जिवंत असताना हे कसं दिसतं?" असं कुणी विचारलं की मी पुस्तकातलं वाक्य म्हणून दाखवायची. मला स्वतःलाच माहीत नव्हतं ना! एकदा, फक्त एकदा, जिवंत पोवळं डोळ्यांनी पाहायचं, हा माझा हट्ट होता. सांगून आलेली स्थळं परत पाठवून मी घरात आधीच नाव कमावलं होतं. त्यात ही भर.

"तुम्हाला कशाला पाहायचाय समुद्र?" केस पिळत मी त्या शेंगावाल्याला विचारलं.

"आमचा अक्कलकोट रोडला चादरीचा कारखाना हाय. चाचा म्हणाले, समुद्राच्या तळाला अशी नक्षी असती की बगत ऱ्हावं. म्हटलं, ती चादरीवर उतरवू."

"पोवळं? चादरीवर?"

"व्हय की. मोर झाले, कमळं झाली, हत्ती झाले. लोक कंटाळलेत."

ज्या गोष्टीसाठी मी इतकी वर्षं झुरत होते, ती हा माणूस अंथरणार होता. मी पायऱ्या चढायला लागले. ओल्या सलवारीत पाय अडकून घसरले, आणि त्यानं हात पुढे केला. मी तो धरला नाही. भिंत धरली. भिंत शेवाळलेली होती, त्यामुळे मी पुन्हा घसरले, आणि तेव्हा मात्र धरावाच लागला.

*

शुक्रवार पेठेत आमच्या घरी तीन दिवस धुसफूस चालली. शेवटी अप्पा म्हणाले, "जा. पण अंबुबाईला संगं ने."

अंबुबाई म्हणजे माझी आत्या. तिनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता आणि पाहायची इच्छाही नव्हती. पण पुतणी परपुरुषांबरोबर होडीत बसणार म्हटल्यावर तिनं कडक भाकरीची चळत बांधली, शेंगाची चटणी कुटली आणि एसटीत माझ्या शेजारी येऊन बसली. तिला एसटी लागली. मालवणच्या बंदरात लाँच लागली. लाँच नुसती दोरानं बांधलेली होती तेव्हाच लागली.

शिवयोगीनं त्याच्या कारखान्याचे टॉवेल आणले होते. एक ओला करून त्यानं आत्याच्या कपाळावर ठेवला, दुसरा तिच्या पाठीशी, तिसरा पायांवर. "बरं वाटतंय का आत्या?"

"लई बरं वाटतंय रे बाबा. तुज्या आईचं कल्याण होवो." मग माझ्याकडे वळून, त्याला स्पष्ट ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात, "लिंगायताचा हाय. इचारलं मी."

मला समुद्रात उडी मारावीशी वाटली, आणि टाकीशिवायच.

शनिवार-रविवार लाँचवरच मुक्काम होता. आत्या आणि मी खोलीत, पुरुष बाहेर डेकवर. किनारा दिसेनासा झाला, पाणी हिरव्याचं निळं झालं, वारा खारट आणि गार झाला. अशा वेळी माणसानं गप्प बसून बघावं. पण शिवयोगी बोलत होता. लाटा म्हणजे टर्किश टॉवेलवरची सुताची वेटोळी. फेस म्हणजे पिंजलेला कापूस. सूर्य मावळतीला आला तर म्हणे, "हा रंग पक्का असता तर काय भाव आला असता!"

"तुम्हाला कधी एखादी गोष्ट नुसती दिसते का हो? विकायला न काढता?" मी विचारलं.

"दिसती की."

"उदाहरणार्थ?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. वाऱ्यानं माझा पदर... म्हणजे ओढणी तोंडावर येत होती आणि मी ती एकसारखी बाजूला करत होते. तो पाहतच राहिला, मग एकदम दुसरीकडे बघून म्हणाला, "मास्तरीणबाई, पोवळं म्हणजे झाड का जनावर?"

"जनावर. लहान लहान जनावरं, घर करून एकाला एक चिकटून राहिलेली."

"मग पळून का जात न्हाईत?"

"सगळ्यांना नसते लोकांच्या मागे मागे पळायची सवय."

"मी कुटं लागलो कुणाच्या मागं?" तो म्हणाला. "लाँचच एवढीशी हाय. तुमच्या मागं न्हाई लागायचं म्हटलं तर पाण्यात पडावं लागतंय."

मी हसू दाबलं. दाबलेलं त्याला दिसलं, आणि त्यावरून मी पुढचा सगळा वेळ स्वतःवर चिडून होते.

*

सकाळी मी उठून बाहेर आले तर तो गप्प बसलेला. मला वाटलं, आजारी पडला की काय!

तो पूजेला बसला होता. आमच्या दोघांच्याही घरी ही रीत लहानपणापासूनची. इष्टलिंग म्हणजे लहानसं शिवलिंग, डबीत घालून गळ्यातल्या दोऱ्यात, शिवदाऱ्यात बांधलेलं असतं, तो कायम अंगावरचा देव. सकाळी त्याला डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं. ही पूजा झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, आणि मरेपर्यंत तो देव अंगापासून दूर करायचा नाही. लाँच डोलत होती, दोर करकरत होते, त्याचं सगळं अंग डावीकडे-उजवीकडे झुकत होतं, पण तळहात मात्र जिथल्या तिथे. डोळे त्या तळहातावर. चेहरा असा शांत, की कालचा बडबड्या तो हाच का, असा प्रश्न पडावा.

गप्प असताना हा माणूस देखणा दिसतो, हे माझ्या लक्षात आलं. सकाळच्या पहिल्या चहाच्याही आधी मला हे कळायची काही गरज होती का?

मीही माझी पूजा आटोपली. मग मकदूमचाचांनी सामान बाहेर काढलं आणि नियम सांगितले. गळ्यात काही ठेवायचं नाही, पट्ट्यात अडकतं. आत्या ताडकन उठून बसली. "देव काढून ठेवायचा? अय्यो शिवने! काय बोलता काय मकदूमभाई?"

चाचा सोलापूरचेच, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. "अच्छा अच्छा, रहने दे. लेकिन कसके बांधो."

माझ्या कमीजला आत्यानं घरीच आतून खिसा शिवला होता, त्यात माझं इष्टलिंग आणि वर सेफ्टी पिना. शिवयोगीनं मात्र खिशातून एक चकचकीत निळा दोरा काढला. नायलॉनचा.

"हे काय?" मी विचारलं.

"सुती दारा खाऱ्या पाण्यात कुजतोय. म्हणून मुद्दाम नवा आणलाय."

"एका बुडीत कुजतो?"

"खबरदारी घ्यावी माणसानं," असं मलाच सांगून त्यानं देवाची चांदीची डबी त्या दोऱ्यात ओवली.

"गाठ नीट मारा."

"मला गाठ शिकवताय?" तो खरोखर दुखावला. "मास्तरीणबाई, चार पिढ्या मागावर सूत जोडतोय आमी. ही बगा." बोटांची काहीतरी चलाखी झाली आणि गाठ पडलीसुद्धा. मागावर तुटलेला धागा जोडायची ती गाठ, बारीक, चपटी, हाताला लागणारही नाही अशी. सुतावर ती जन्मात सुटत नाही. पण नायलॉन गुळगुळीत असतं, आणि भिजलं की ही गाठ सरकते. ज्यांनी चार पिढ्या फक्त सूत जोडलं, त्यांना हे कळायचं काही कारण नव्हतं. आत्याच्या साध्या ढोबळ गाठीनं काम झालं असतं. पण नाही, कारागिरी दाखवायची होती ना!

बेत असा होता की आधी शिवयोगीनं चाचांबरोबर इथल्या उथळ खडकावर उतरायचं. मग दुपारी लाँच बाहेरच्या मोठ्या खडकावर न्यायची. खरी पोवळी तिथे, मैलभर पुढे. शेवटची भरलेली टाकी चाचांनी त्यासाठी माझ्या नावानं बाजूला ठेवली होती. दुपारनंतर लाँच बंदराकडे वळणार.

शिवयोगी उतरला. काही वेळानं वर आला तो बोलतच. "काय रंग, काय रंग! एक मासा तर असा पट्ट्यापट्ट्याचा, चाचा, आपल्या चादरीचा काठच जणू! मास्तरीणबाई, तुमी बगितलं तर—"

"शिवयोगी," आत्या म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "तुज्या गळ्यातला देव कुटं हाय?"

त्याचा हात छातीवर गेला. मग मानेवर. मग पुन्हा छातीवर. पट्ट्यात अडकलेला निळा दोरा हाताला लागला. दोन्ही टोकं सुटी, आणि मध्ये काही नाही.

तो टाकीशिवायच पाण्यात गेला. वर आला, दम घेतला, पुन्हा गेला. पुन्हा वर, पुन्हा खाली. मी मोजायचं सोडून दिलं. शेवटी त्याच्या नाकातून रक्त यायला लागलं, तेव्हा चाचांनी त्याला काखेत हात घालून वर ओढला आणि डेकवर आपटला. "बस! अब उतरा तो कान फटेंगे तेरे! अब तू नहीं उतरने का, समझा?"

टॉवेल गुंडाळून तो कोपऱ्यात बसला. लाँचवर आल्यापासून पहिल्यांदाच मला लाटांचा आवाज ऐकू आला.

*

आत्यानं जेवायला वाढलं. तो म्हणाला, "मला नको, आत्या."

आत्यानं आग्रह केला नाही. अंगावर देव नाही म्हणजे पूजा नाही, पूजा नाही म्हणजे अन्न नाही. देव परत सापडेल तेव्हा, किंवा सोलापूरला मठात जाऊन स्वामींच्या हातून नवा घेईल तेव्हाच. "पाणी पी," ती एवढंच म्हणाली. "पाण्याला कुणी न्हाई म्हणत न्हाई." तो पाणी प्यायला.

मी भाकरी मोडून समोर घेतली होती. ती काही केल्या घशाखाली जाईना. मी ती परत बांधून ठेवली.

"तुमी जावा," तो मला म्हणाला. "लाँच पुढं न्या. तुमचं पोवळं बगून या."

"आणि तुम्ही?"

"मी बसतो की हितं."

त्यानं कुरकूर केली असती, नशिबाला बोल लावला असता, निदान त्या नायलॉनच्या कारखान्याला शिव्या घातल्या असत्या, तर मी सुखानं पुढे गेले असते. पण त्यानं हसायचा प्रयत्न केला. माझा दिवस नासू नये म्हणून! त्या केविलवाण्या हसण्यानं माझं डोकं फिरलं.

"चाचा, लाँच हलवू नका," मी म्हणाले. "मी इथेच उतरते."

चाचा चपापले. "बेटी, एकच टाकी बाकी है. यहाँ खरची, तो वो बाहरवाला पत्थर..."

"माहीत आहे मला."

शिवयोगी उठून उभा राहिला. "न्हाई! कशापायी? इतकी वर्षं तुमी त्या पोवळ्यापायी—"

"तुमच्या मूर्खपणापायी!" मी ओरडले. "मागावरची गाठ म्हणे! बाजूला व्हा, पट्टा बांधू द्या!"

चाचांना नांगर आणि प्रवाह सांभाळायचा होता. त्यांनी माझ्या कमरेच्या दोरीचं दुसरं टोक शिवयोगीच्या हातात दिलं. मी हिसका दिला तर सगळं ठीक, वरून हिसका आला तर मी वर यायचं.

खाली गेले आणि आवाज संपले. उरला फक्त माझ्या श्वासाचा खरखराट. खडकात एक फट होती, तळाशी वाळू. तो तिथेच उतरला होता, म्हणजे पडला असेल तर तिथेच. मी गुडघ्यांवर बसून वाळू चाळायला लागले. काहीतरी चमकलं, शिंपला निघाला. पुन्हा चमकलं, सोडावॉटरच्या बाटलीचं झाकण. इतक्या दूर येऊनही माणसं झाकणं टाकून जातात! आणि माझ्या खांद्याशी, फटीच्या भिंतीवर, पोवळी होती. थोडीच, पण जिवंत. कडेच्या नजरेला पिवळं काहीतरी उमलल्यासारखं, जांभळं काहीतरी हलल्यासारखं दिसत होतं. मान वळवली तर वेळ जाईल, म्हणून मी मान वळवली नाही. आयुष्यात ज्यासाठी तळमळले ते हाताच्या अंतरावर होतं आणि मी वाळू उपसत होते, एका चादरवाल्यासाठी. तेव्हा मला कळलं की हे काही रागानं होत नसतं. राग इतका खाली उतरत नाही.

कमरेच्या दोरीवर ताण होता. ना ढिला, ना घट्ट. मी पुढे सरकले की दोरी सुटायची, मागे आले की आवरायची. वर कोण आहे हे मला त्या दोरीवरून सगळा वेळ कळत होतं.

मग वरून हिसका आला. मी उलट हिसका दिला, ठीक आहे. पुन्हा आला. मी पुन्हा दिला. अजून फटीचा अर्धा भाग राहिला होता! तिसऱ्यांदा त्यानं हिसका दिलाच नाही. सरळ ओढायला लागला. मी खडकाला धरलं, हात सुटला, आणि पोहऱ्यासारखी वर आले.

"अजून हवा होती!" नळी थुंकून मी किंचाळले. "अजून थोडं राहिलं होतं! का ओढलंत?"

चाचांनी टाकी तपासली आणि त्यांचा चेहरा उतरला. "कुछ भी नहीं बची, बेटी."

"बुडबुडे कमी यायला लागले," शिवयोगी म्हणाला. दोरीनं त्याचे तळवे सोलले होते. "कान दुकतात का तुमचे? थंडी वाजती का?"

देव मिळाला का, हे त्यानं विचारलंच नाही. मीच सांगितलं, "नाही मिळाला." आणि मला रडू आलं. चिडून येतं ना तसं, थांबवता न येणारं.

त्यानं माझ्या खांद्यांवर टॉवेल टाकला. खाली बसला, आणि पाण्याकडे बघत म्हणाला, "मठात सांगीन, चूक झाली. स्वामी दुसरा देव देतील. तुमी वर आला नसता, तर... कुणाकडं मागायला जाणार होतो मी?"

"काय म्हणालात?"

"काय न्हाई."

आणि तो पुन्हा गप्प! दोन दिवस कानाचे पडदे फाटेस्तोवर बोलणारा माणूस, नेमक्या या जागी गप्प.

*

परतीची एसटी खडखडत होती. तो पुढच्या बाकावर, आम्ही दोघी मागे. कोल्हापूरच्या स्टँडवर आत्यानं फडकं सोडलं.

"घे, दानू."

"मला भूक नाही."

"काल बी नव्हती."

"समुद्राचं बाधलंय."

"समुद्र मागं ऱ्हायला की," आत्या म्हणाली आणि एकटीच जेवली. मी खिडकीबाहेर ऊस बघत बसले. मग मिरज गेलं. मग सांगोला. पुढच्या बाकावरचं डोकं खिडकीला टेकलेलं, रुमालानं घाम पुसणारं. मधूनच तो वळून विचारायचा, "आत्या, पाणी हवं का?" उपाशी तो, आणि विचारणार आम्हाला! मला त्याचा भयंकर राग येत होता.

सोलापुरात उतरल्यावर तो घरी गेला नाही, सरळ मठाकडे निघाला. आम्ही रिक्षा करून शुक्रवार पेठेत जाणार, हे ठरलेलं होतं. मी रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याला मठाचा पत्ता सांगितला. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "दर्शन घेऊन जाऊ," मी म्हणाले. तिनं मांडीवरचं भाकरीचं फडकं सावरलं.

मठातले स्वामी फार म्हातारे होते. त्यांनी शिवयोगीचं सगळं ऐकून घेतलं. गाठीचंही. तो खाली मान घालून सांगत होता. स्वामी म्हणाले, "समुद्रानं मागून घेतला, असं समज. तुझा भाव तर बुडाला नाही ना? मग बैस." त्याला आंघोळ करून यायला सांगितलं, विभूती लावली, मंत्र दिला आणि त्याच्या डाव्या तळहातावर नवं इष्टलिंग ठेवलं. त्यानं पूजा केली. लाँचवर पाहिला होता तोच चेहरा. मी बायकांच्या बाजूला खांबाशी बसले होते आणि ओढणीच्या टोकानं डोळे पुसत होते. मठात धूर असतो.

मग प्रसादाची पंगत बसली. पुरुषांची रांग समोर, बायकांची इकडे. गव्हाची गोड हुग्गी वाढली, तिच्यावर तूप, शेजारी भात आणि आमटी. शिवयोगीपुढे ताट आलं. त्यानं हात जोडले, घास उचलला, आणि आत्यानं सगळ्या मठाला ऐकू जाईल अशा आवाजात वाढप्याला हाक मारली.

"ओ अय्या, हिला चांगली वाढा. ही बी कालपास्नं उपाशी हाय. पोटात कण न्हाई."

पंगतीतली सगळी डोकी माझ्याकडे वळली. शिवयोगीचा घास हातातच राहिला.

"तुमी का न्हाई जेवलात?" त्यानं समोरून विचारलं.

"माझी मर्जी."

"तब्येत बरी न्हाई का?"

"तब्येतीला काही झालेलं नाही! मला राग आलाय."

"कुणाचा?"

"तुमचा! दुसरं कोण आहे इथे नायलॉनचा दारा वापरणारं?"

कुणीतरी खुदकन हसलं. तो हसला नाही. माझ्याकडे बघतच राहिला, विहिरीच्या पायरीवरचा आगाऊपणा कुठल्याकुठे गेलेला. कानापर्यंत लाल झाला होता. हळूहळू, एक एक गोष्ट उमगत गेल्यासारखा.

"राग आला म्हणून काय कुणी उपाशी ऱ्हातं का?" त्यानं अगदी हळू विचारलं.

मला खूप काही बोलायचं होतं. गाठीबद्दल, पोवळ्यांबद्दल, त्या अर्धवट टाकलेल्या वाक्याबद्दल. पण इतकी माणसं बघत होती, तूप गोठत होतं, आणि तो घास अजून त्याच्या हातातच होता. दोन दिवसांचा उपाशी माणूस, आणि अजून मलाच प्रश्न विचारत बसलेला!

"आधी तुम्ही जेवा," मी म्हणाले. "मग मी जेवते."

आमच्याकडे हे वाक्य कुठली बाई कुणाला म्हणते, हे पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही होतं. आत्यानं शांतपणे आमटी भातावर ओतली.

शिवयोगीनं घास तोंडात घातला. चावताना त्याचे डोळे भरून आले, पण त्यानं माझ्यावरची नजर काढली नाही. त्यानं गिळलेलं मी पाहिलं, आणि मग माझ्या ताटातली हुग्गी कालवायला घेतली.